पेठेचें अंगण

आमच्या भाषेंतील ‘अंगण’ हा शब्द घरापुढील रिकाम्या जागेपुरताच नाहीं. अंगणांत सकाळीं सडा पडे, दुपारीं पापड-कुरडया वाळत, तिसऱ्या प्रहरीं शेजारणी निवडणटिपण घेऊन बसत, आणि दिवेलागणीस घरांतील वृद्ध माणूस भिंतीला पाठ टेकून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करी. लहान मुलाचें पहिलें पाऊल अंगणांत पडे व पहिली ठेंचही तेथेंच लागे. घराच्या भिंती मनुष्याला निवारा देतात. पण चार माणसांत वागावें कसें, हें तो अंगणांत शिकतो.

आतां आपल्या शिवाजी पेठेंत किती घरांना असें अंगण उरलें आहे, ह्याचा ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं हिशेब करावा. जुन्या वाड्यांच्या जागीं मजल्यांवर मजले चढले. जिन्याखालचा कोपरा दुचाक्यांनीं भरला. उभ्या मारुतीच्या चौकांत किंवा निवृत्ति चौकांत सायंकाळीं घटकाभर उभें राहून पाहावें. रहदारी एवढी कीं शहाणासुरता मनुष्यही रस्ता ओलांडतांना दोनदां थबकतो. मग चेंडूमागें धांवणाऱ्या पोराची काय कथा ? घरें वाढलीं, वस्ती वाढली, सोयी वाढल्या; अंगण मात्र गेलें. तें गेल्याची तक्रार फारशी ऐकूं येत नाहीं. कारण ज्यांचें तें गेलें तीं माणसें, म्हणजे लहान मुलें, त्यांच्या आया आणि आज्या, सभेंत उभें राहून बोलणाऱ्यांपैकीं नव्हेत.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे : सार्वजनिक बाग हें आतां पेठेचें अंगण झालें आहे. ती चैनीची वस्तु नव्हे, गरजेची वस्तु आहे. सहकुटुंब बागेंत जाणें हा वेळेचा अपव्यय नसून तें संसारांतील एक आवश्यक काम आहे. आणि ह्या अंगणाचा उपयोग करण्यांत आपण एक मोठा अन्याय नकळत चालूं दिला आहे. तो कोणता, हें पुढें योग्य जागीं सांगेन.

प्रथम आपल्यापाशीं काय आहे तें पाहूं. सुदैवानें ह्या बाबतींत आपण दरिद्री नाहीं. पेठेंतून पायीं जातां येईल इतका जवळ रंकाळा आहे, आणि त्याच्या कांठीं पदपथ उद्यान आहे. दगडाच्या खाणींत भूकंपामुळें पाणी भरलें व हें तळें झालें, अशी परंपरागत कथा आहे. येथील नंदीविषयीं दुसरी एक कथा लहान मुलांस फार आवडते. तो नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागें येतो. ज्या दिवशीं तो पाण्यास पोंचेल त्या दिवशीं प्रलय होईल, असें म्हणतात. एखाद्या चौकस मुलानें घरांतून गव्हाचे व तांदळाचे दाणे आणून ते मोजून पाहावे. लांब जातीचा तांदूळ घेतला तर नंदी पुढें जाण्याऐवजीं मागेंच जाऊं लागेल, आणि प्रलयाची भीति आपोआप टळेल ! कथा खरी कीं खोटी हा प्रश्न निराळा. पण बापाचें बोट धरून तळ्याकांठीं चालतांना ती ऐकलेली मुलें आपल्या गांवाला परकीं राहत नाहींत, एवढें खरें. त्याच कांठावर इ. स. १९३१ ते १९३४ ह्या काळांत बांधलेला शालिनी पॅलेस आहे. आणि पावसाळ्यांत पाण्यांत बुडणारा व उन्हाळ्यांत पुन्हां उघडा पडणारा संध्यामठ आहे. पाण्याची पातळी हा विषय पुस्तकांतून शिकविण्यास मला एक तास लागतो. संध्यामठाच्या किती पायऱ्या आज दिसतात हें दर महिन्यास पाहणाऱ्या मुलास तो शिकवावाच लागत नाहीं.

दुसरी जागा टाऊन हॉलची बाग. ही इमारत इ. स. १८७६ मध्यें पूर्ण झाली. तिची रचना मेजर मँट ह्यांनीं केली, व नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्यावरून बांधला गेला. आज टाऊन हॉलमध्यें वस्तुसंग्रहालय आहे. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सांपडलेल्या वस्तु तेथें ठेविल्या आहेत. त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन ह्याची लहानशी धातूची मूर्ति आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं रोमन जगाशीं चाललेल्या व्यापाराची खूण आपल्या गांवच्या मातींतून निघाली, हें किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे ? बागेंत एक घटका खेळावें, एक घटका त्या मूर्तीपुढें उभें राहावें. इतिहासाचा एवढा स्वस्त आणि सुखाचा तास दुसरा नाहीं. समोरच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. खेड्यापाड्यांतून रुग्णाबरोबर आलेलीं माणसें झाडांच्या सावलींत आपली शिदोरी सोडतात. जी बाग आपल्या मुलांस खेळण्यासाठीं, तीच त्यांना धीर धरण्यासाठीं आहे. तेथें मोठ्यानें ओरडूं नये, हें मुलांस सांगण्यास ह्याहून चांगलें निमित्त कोणतें ?

ह्याशिवाय नागाळा पार्काकडे महावीर उद्यान आहे, हुतात्मा पार्क आहे, आणि पेठेचें स्वतःचें असें गांधी मैदान आहे. ह्या मैदानाच्या जागीं पूर्वीं वरुणतीर्थ नांवाचें तळें होतें. तळें गेलें, पण जागा मोकळी राहिली, म्हणून आज तेथें मुलें खेळतात व सभा भरतात. कपिलतीर्थाच्या नशिबीं तें नव्हतें. तें बुजलें आणि तेथें मंडई झाली. मंडई हवीच, भाजीवांचून कोणाचें चालतें ? परंतु ह्या दोन तीर्थांच्या कथेंतून एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तळें बुजवून मैदान केलें तर कांहीं तरी मोकळें उरतें. मोकळ्या जागेवर एकदां बांधकाम झालें कीं ती जागा पुन्हां मोकळी होत नाहीं. बागेचा एक कोपरा अमक्या कामासाठीं द्यावा, दुसरा तमक्या दुकानासाठीं द्यावा, असें कोणी सुचवील तेव्हां नागरिकांनीं कपिलतीर्थाची आठवण ठेवावी.

‘सार्वजनिक’ हा शब्द आपण रोज उच्चारतों, पण त्याची किंमत फार थोड्यांस ठाऊक असते. एके काळीं बागा राजेरजवाड्यांच्या व सरदारांच्या असत. सामान्य माणूस तटबंदीच्या बाहेरून आंब्याचा मोहोर पाही. लोकांच्या पैशानें लोकांसाठीं बाग करावी ही कल्पना जगांतही फार जुनी नाहीं. इंग्लंडांत बर्कनहेड येथें सार्वजनिक खर्चानें केलेली मोठी बाग इ. स. १८४७ मध्यें खुली झाली. तीन वर्षांनीं अमेरिकेंतील ऑल्मस्टेड नांवाचा तरुण ती पाहण्यास गेला. त्या बागेंत सर्व थरांतील लोक सारख्याच हक्कानें वावरत आहेत, हें पाहून त्याच्या मनावर मोठा परिणाम झाला. आणि पुढें न्यू यॉर्क शहरांतील प्रसिद्ध सेंट्रल पार्क घडविण्यांत तो प्रमुख झाला. मुंबईची राणीची बाग, जिला आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात, इ. स. १८६२ मध्यें खुली झाली. म्हणजे ज्या वस्तूला आपण आज सहज गृहीत धरतों ती अवघ्या सहा-सात पिढ्यांची कमाई आहे.

आपल्या देशांत तर ह्या शब्दासाठीं ह्याहून कठीण झगडा करावा लागला. ‘सार्वजनिक’ म्हणविणाऱ्या विहिरीवर व तळ्यावर सर्व जनांस जाण्यास मुभा नव्हती. ह्याच करवीर नगरींतून राजर्षि शाहू छत्रपतींनीं इ. स. १९१९ मध्यें हुकूम काढले कीं सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने ह्या ठिकाणीं कोणासही अस्पृश्य मानून अडवूं नये. इ. स. १९२७ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें तें पाण्याच्या तहानेनें नव्हे, तर सार्वजनिक जागा ही खरोखर सर्वांची आहे हें सिद्ध करण्यासाठीं. आज बागेच्या बांकावर एका टोकाला एक कुटुंब व दुसऱ्या टोकाला दुसरें कुटुंब बसतें, त्यांचीं मुलें एकाच घसरगुंडीवर रांग लावतात, आणि कोणी कोणास ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारीत नाहीं. हें दृश्य साधें दिसतें. तें साधें दिसावें म्हणून किती जणांनीं आयुष्य वेंचलें, हें मुलांस त्या बांकावर बसूनच सांगावें.

आतां ज्या अन्यायाचा उल्लेख मीं आरंभीं केला, त्याकडे वळतों. आपलें कोल्हापूर हें खेळाचें शहर. इ. स. १९१२ मध्यें शाहू छत्रपतींच्या कारकिर्दींत खासबागेचें कुस्त्यांचें मैदान तयार झालें. पेठापेठांत तालमी झाल्या. कुस्तीबरोबर फुटबॉलही आला; आणि आज पेठेच्या संघाचा सामना असला म्हणजे घरांतील चूलसुद्धां जरा उशिरा पेटते, हें वाचकांस सांगावयास नको. ही परंपरा आपल्या भूषणाची आहे व ती तशीच राहावी. पण हिचा लाभ कोणास झाला ? मुलग्यांस. तालीम मुलग्यांची, मैदान मुलग्यांचें, चौकांतला कट्टाही मुलग्यांचा. मुलगा सायंकाळीं घराबाहेर पडला तर ‘खेळायला गेला’ असें म्हणतात. मुलगी बाहेर पडली तर ‘कोठें गेली’ असें विचारतात. हल्लीं कांहीं मुली कुस्ती व फुटबॉल खेळूं लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे; पण त्या थोड्या. बाकीच्यांचें काय ?

मागें एकदां वरच्या वर्गांत मीं ‘बागेंतील एक संध्याकाळ’ हा विषय निबंधासाठीं दिला. मुलग्यांचे निबंध धांवण्या-पडण्यानें व भांडणांनीं भरलेले होते. मुलींपैकीं कित्येकींनीं, आपण लहान असतांना कधीं काळीं पाहिलेल्या बागेचें वर्णन केलें होतें. भाषा चांगली होती, शुद्धलेखन तर मुलग्यांहून पुष्कळच चांगलें होतें. पण सर्व क्रियापदें भूतकाळीं होतीं. एकीनें शेवटीं लिहिलें होतें, ‘आतां आम्ही जात नाहीं.’ कां जात नाहीं, हें लिहिण्याची तिला गरजही वाटली नव्हती. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचें खेळणें संपतें ही गोष्ट तिनें पावसाळा संपतो तशी मान्य केली होती. त्या निबंधास गुण किती द्यावे हें मी ठरवूं शकलों. त्या वाक्यास उत्तर काय द्यावें हें मला सुचेना.

मुलींचें जें, तेंच त्यांच्या आयांचें. घरांतील स्त्री सकाळीं सर्वांच्या आधीं उठते व रात्रीं सर्वांच्या मागून निजते. तिला बाहेर जाण्याचीं निमित्तें पुष्कळ आहेत : मंडई, दवाखाना, शाळेची सभा, लग्नकार्य. पण ह्यांपैकीं एकही जाणें तिच्या स्वतःच्या विसाव्यासाठीं नाहीं. पुरुषाला कट्टा आहे, चहाचें दुकान आहे, तालीम आहे. स्त्रीला कांहीं न करतां नुसतें बसण्याची जागा कोठें आहे ? सबंध पेठेंत धुंडाळलें तर एकच सांपडेल, आणि ती म्हणजे बागेंतील बांक. आजीचीही हीच स्थिति. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या खोलींत खिडकीच्या गजांतून दिसेल तेवढें आकाश हें तिचें जग. म्हणून मी म्हणतों कीं बागेचा खरा हक्क ज्यांना दुसरें अंगण नाहीं त्यांचा. आणि ज्या दिवशीं बागेंत मुलग्यांहून मुली, व तरुणांहून वृद्ध संख्येनें कमी दिसतात, त्या दिवशीं बाग भरलेली असली तरी तिचें काम अपुरें राहिलें असें समजावें.

बागेंत शिक्षण तें काय मिळणार, असें कोणी म्हणेल. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल ह्यानें इ. स. १८३७ मध्यें लहान मुलांसाठीं एक संस्था काढली, आणि पुढें इ. स. १८४० मध्यें तिला ‘किंडरगार्टन’ असें नांव दिलें. त्याचा अर्थच ‘मुलांची बाग’ असा आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक ह्यांनीं अनुताई वाघ ह्यांच्या साह्यानें प्रथम बोर्डीस व नंतर कोसबाडास खेड्यांतील व आदिवासी मुलांसाठीं काम केलें. त्या कामांतून रूढ झालेले ‘बालवाडी’ आणि ‘अंगणवाडी’ हे शब्द पाहा. वाडी म्हणजे झाडांची बाग. आणि अंगण तर आपण आरंभींच पाहिलें. मोठमोठ्या शिक्षकांस लहान मुलाच्या शाळेसाठीं ह्याहून चांगलें नांव सुचलें नाहीं, ह्यांतच सर्व कांहीं आलें.

मोठ्या विद्यार्थ्यांसही तेथें शिकण्यासारखें पुष्कळ आहे. ज्याला आपण विलायती शिरीष किंवा रेन ट्री म्हणतों तो वृक्ष मूळचा अमेरिका खंडांतील उष्ण प्रदेशाचा. सूर्य मावळूं लागला म्हणजे त्याचीं पानें जोडीजोडीनें मिटतात. गुलमोहर मादागास्कर बेटांतून आला, आणि आज तो नसलेला मे महिना आपणांस कल्पितांही येत नाहीं. बहावा मात्र ह्याच मातींतला; त्याचे पिवळे घोंस भर उन्हाळ्यांत लोंबतात. पाहुणे कोण व घरचे कोण हें बागेंत गेल्यावर ओळखूं येत नाहीं, आणि सावली तर सर्वच सारखी देतात. रंकाळ्याच्या कांठीं बगळा, पाणकावळा व खंड्या हे तिन्ही मासे धरतात, पण तिघांची रीत निरनिराळी : एक उभा राहून वाट पाहतो, एक बुडी मारतो, एक वरून झेंप घेतो. ही गोष्ट पुस्तकांत वाचलेला विद्यार्थी परीक्षेपर्यंत ती लक्षांत ठेवील. डोळ्यांनीं पाहिलेला जन्मभर विसरणार नाहीं.

ह्या सर्वांहून मोठें शिक्षण पाळण्यापाशीं मिळतें. झोपाळा एक, मुलें दहा. येथें गुरुजी नाहींत, घंटा नाहीं, छडी नाहीं. तरी दहा झोके झाले कीं उतरावें, लहान्यास आधीं द्यावें, रडणाऱ्यास समजवावें, दांडगाई करणाऱ्यास सर्वांनीं मिळून अडवावें, हे कायदे मुलें आपण होऊन करतात व बहुधा पाळतात. नागरिकशास्त्राचें जें प्रकरण मी फळ्यावर लिहून देतों, त्याचा प्रयोग तेथें रोज सायंकाळीं चाललेला असतो.

ह्यावर पालकांकडून येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप वेळेचा. दिवसभर काम करून थकलेल्या माणसानें बागेंत केव्हां जावें ? मी रोज जाण्यास सांगत नाहीं. आठवड्यांतून एक सायंकाळ पुरे. जो वेळ प्रत्येकजण घरांत आपापल्या मोबाईलकडे पाहण्यांत घालवितो, त्यांतूनच ही सायंकाळ सहज निघते. एका खोलींत पांच माणसें बसलेलीं असून पांचही जणांचें लक्ष पांच ठिकाणीं असावें, ह्याला एकत्र बसणें म्हणत नाहींत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. बागेंत जावयाचें म्हणजे भेळ आली, आइसक्रीम आलें, फुगा आला. हा आक्षेप खरा आहे. पण तो बागेवर नसून आपल्या सवयीवर आहे. बाग फुकट आहे, फाटकाबाहेरचीं दुकानें फुकट नाहींत. घरून दशमी-चटणी, शेंगा किंवा डबाभर भडंग न्यावें. मुलानें हट्ट केला तर चार वेळां नाहीं म्हणावें, पांचव्या वेळीं तें विचारणार नाहीं. ज्या घरांत दोन पैशांची चणचण आहे त्या घरच्या मुलास बागेंत कोणत्याही श्रीमंत मुलाइतकाच आनंद मिळावा, हाच तर सार्वजनिक बागेचा हेतु. तो आपण खाऊच्या गाड्यांनीं हाणून पाडूं नये.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. बागेंत टवाळ पोरें असतात, वातावरण चांगलें नसतें. म्हणून मुलींस नेतां येत नाहीं. ह्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पण ह्याचा क्रम उलटा लावून पाहावा. टवाळ येतात म्हणून कुटुंबें जात नाहींत, हें जितकें खरें, तितकेंच कुटुंबें जात नाहींत म्हणून टवाळांस रान मोकळें सांपडतें, हेंही खरें. ज्या बांकावर आजी बसली आहे, ज्याच्या पुढें लहान मुलें धांवत आहेत आणि शेजारीं चार बायका बोलत आहेत, त्या बांकापाशीं उनाडास उभें राहणें अवघड जातें. बागेचा उत्तम पहारेकरी म्हणजे तेथें नित्य येणारें कुटुंब. एका कुटुंबानें हें होणार नाहीं. म्हणून एका गल्लींतील तीन-चार घरांनीं एकच दिवस ठरवून मिळून जावें. मुलींस घरांत कोंडून बाग सुधारत नाहीं, ती फक्त मुलींवांचून राहते.

चौथा आक्षेप अस्वच्छतेचा. येथें मात्र बोट दुसऱ्याकडे दाखवितां येत नाहीं. शेंगांचीं टरफलें, कागदी प्लेटा, प्लास्टिकच्या पिशव्या कोणी परगांवाहून आणून टाकीत नाहीं. रंकाळ्याचेंच उदाहरण घ्या. सांडपाणी तळ्यांत मिसळत राहिल्यानें गेल्या कांहीं दशकांत वेळोवेळीं जलपर्णी माजली, पाण्यास दुर्गंधि आली. सांडपाण्यांतील द्रव्यें वनस्पतींस खतासारखीं पोसतात. त्या पाण्याचा पृष्ठभाग झांकून टाकतात व कुजल्या म्हणजे पाण्यांतील प्राणवायु संपवितात, मग मासे मरतात. तळें राखणें हें मोठें काम असून तें महानगरपालिकेचें आहे, व तें तिच्याकडून करवून घेतलेंच पाहिजे. पण पिशवी आपल्या हातांतली आहे, आणि तिच्यासाठीं कोणत्याही ठरावाची गरज नाहीं.

विद्यार्थ्यांनो, आतां तुम्हांस कांहीं सांगतों. बागेंतील फूल तोडूं नका. तें तोडणारा दुसऱ्या शंभर जणांचें पाहणें चोरतो. झाडावर नांव कोरूं नका. नांव राहावें असें वाटत असेल तर तें दुसऱ्या कामानें राहील. वृद्ध माणूस दिसलें कीं बांकावरून उठा. एक झाड आपलें म्हणून निवडा व वर्षभर तें पाहून वहींत टिपत जा : पानें केव्हां गळलीं, पालवी केव्हां फुटली, फूल कोणत्या आठवड्यांत आलें, कोणता पक्षी बसला. वर्षाअखेर ती वही मला दाखवा. ती वाचण्यास मला कोणत्याही निबंधाहून अधिक आवडेल. आणि मुलग्यांनो, आपल्या बहिणीस बरोबर न्या. तिच्यावर पहारा करण्यासाठीं नव्हे, तिच्याशीं खेळण्यासाठीं. तिची पाळी आली म्हणजे झोपाळा सोडा.

पालकहो, एक विनंति तुम्हांस. सहकुटुंब बागेस जाण्याचा बेत म्हणजे घरांतील स्त्रीस दुप्पट काम, असें होऊं देऊं नका. पुष्कळ घरीं सहलीच्या दिवशीं तीच सर्वांच्या आधीं उठून डबे भरते, तीच पाण्याच्या बाटल्या वाहते, तीच मुलांमागें धांवते, आणि परत आल्यावर भांडींही तीच घासते. मग तिला बागेची गोडी लागावी कशी ? त्या दिवशीं डबा साधा असावा, पिशवी मुलानें घ्यावी, धाकट्यास बापानें सांभाळावें, आणि तिनें एक तास नुसतें बसावें. तिला बोलावेंसें वाटलें तर बोलावें, न वाटलें तर तळ्याकडे पाहावें. हा एक तास तिला देण्यास कोणाच्याही परवानगीची वा पैशाची आवश्यकता नाहीं.

ज्यांच्या हातीं शहराचा कारभार आहे त्यांच्याकडेही एका शिक्षकाचें मागणें आहे. कारंजीं, रोषणाई व नवीं यंत्रपाळणीं हीं सर्व चांगलीं. पण तीं मागाहून. आधीं स्त्रियांसाठीं स्वच्छ व दिवा असलेलें शौचगृह, पिण्याचें पाणी, पाठ टेकतां येईल असे बांक, वृद्धांस व चाकांच्या खुर्चींतून येणाऱ्यांस आंत येतां येईल असें फाटक, आणि सायंकाळनंतर पुरेसा उजेड एवढें करावें. शौचगृह नाहीं म्हणून आई तासाच्या आंत परत फिरते, उजेड नाहीं म्हणून मुलगी येतच नाहीं. मग रंगीत कारंजें कोणासाठीं उडावयाचें? ह्या मागण्या लहान दिसतात म्हणूनच त्या मागें पडतात. नागरिकांनीं त्या वारंवार, सौम्य शब्दांत, पण लेखी स्वरूपांत मांडाव्या.

ह्यांतील कोणतीही गोष्ट अवघड नाहीं. फक्त कोणी तरी आरंभ करावयास हवा. आपल्या घरांत आज कोणास अंगण नाहीं, हें आधीं पाहावें. कोणाच्या घरीं ती आजी असेल, कोणाच्या घरीं आई असेल, कोणाच्या घरीं आठवींत गेल्यापासून खेळणें सोडलेली मुलगी असेल. येत्या रविवारीं तिला विचारावें, ‘येतेस का रंकाळ्यावर ?’ आणि ती नको म्हणाली तर पुढच्या रविवारीं पुन्हां विचारावें.